ब्रेकचा पाइप फुटल्यावर

गाडी चालवताना ब्रेकचं पेडल पायाखालून एकदम खाली गेलं आणि डॅशबोर्डवर ब्रेकचा लाल दिवा लागला, तर घाबरून पाय उचलू नका. आजच्या गाड्यांत ब्रेकचे दोन स्वतंत्र मार्ग असतात. एक फुटला तरी दुसरा शाबूत राहतो, फक्त तो पेडलच्या शेवटच्या टप्प्यात पकडतो. म्हणून पेडल तळापर्यंत दाबा, सगळा जोर लावा. जोर अपुरा वाटला तर भराभर दोन-तीनदा सोडून पुन्हा दाबा. एकीकडे गिअर एकेक करत खाली आणा आणि हँडब्रेक हळूहळू ओढा. झटका दिलात तर मागची चाकं जाम होऊन गाडी फिरते. हँडब्रेक बटणाचा असेल तर ते बटण धरून ठेवायचं. चारही इंडिकेटर लावून जर्मनीतल्या रस्त्याच्या उजव्या कडेला थांबा, पिवळं जाकीट घाला, मागे त्रिकोण ठेवा आणि ऑटोबानवर असाल तर कठड्याच्या पलीकडे जाऊन उभे राहा.

थांबल्यानंतर मनात येतं, घर दोन किलोमीटरवर आहे, हळूहळू नेऊ. नेऊ नका. मालवाहू व्हॅनमध्ये बऱ्याचदा एक मार्ग पुढच्या दोन चाकांचा आणि एक मागच्या दोन चाकांचा असतो. पुढचा गेला तर उरलेला ब्रेक फक्त मागच्या चाकांवर येतो, आणि रिकाम्या व्हॅनच्या मागच्या चाकांवर फारसं वजन नसतं, त्यामुळे तिथला ब्रेक थोडकाच लागतो. शिवाय जो पाइप उरला आहे तोही त्याच वयाचा आणि त्याच मिठात भिजलेला आहे. गाडी ओढून न्या. एडीएसी या मोटारचालकांच्या संघटनेचं सभासदत्व असेल तर ते अशाच दिवसासाठी असतं.

फ्रँकफर्ट आणि आसपास, ऑफेनबाख, एशबोर्न, बाड होम्बुर्ग या भागांत, आपल्या लोकांकडे आता व्हॅन दिसू लागल्या आहेत. कुणी डबे आणि केटरिंग करतं, कुणी घर हलवण्याची कामं घेतं, कुणी गणपतीच्या मंडपाचं सामान वाहतं. साडेतीन टनांपर्यंतची व्हॅन साध्या बी वर्गाच्या परवान्यावर चालते, पण मागे सीट नसलेली असेल तर कागदावर तिची नोंद सहसा ट्रक म्हणूनच असते. दहा-बारा वर्षांची स्प्रिंटर किंवा ट्रान्सपोर्टर घेणाऱ्याने एक गोष्ट समजून घ्यायला हवी. या देशात गाडीचं इंजिन लोकांच्या अपेक्षेपेक्षा जास्त टिकतं आणि तिचे ब्रेकचे पाइप अपेक्षेपेक्षा कमी.

फ्रँकफर्ट शहराचा या पाइपशी जुना संबंध आहे. आल्फ्रेड टेवेस यांनी १९०६ मध्ये फ्रँकफर्टात आपला कारखाना काढला. त्यांच्या नावातून आलेली एटीई ही खूण आजही ब्रेकच्या सुट्या भागांच्या खोक्यांवर दिसते. गाल्लुस भागातल्या आडलर कंपनीने १९२६ मध्ये आपली श्टांडार्ड ६ ही मोटार आणली आणि तिला टेवेस यांचे द्रवाच्या दाबावर चालणारे ब्रेक बसवले. युरोपात हे ब्रेक बसवणाऱ्या सुरुवातीच्या मोटारींत तिची गणना होते. मूळ कल्पना अमेरिकेतल्या माल्कम लॉकहीड यांची. तोवर दांडे आणि तारा ओढून ब्रेक लागत; चारही चाकांना सारखा ताण देणं हा रोजचा उद्योग असे. द्रवाने तो सुटला, कारण बंद जागेतल्या द्रवावरचा दाब सगळीकडे सारखा पोचतो. याच मोटारीतून क्लेरेनोरे श्टिनेस १९२७ ते १९२९ मध्ये जगप्रदक्षिणा करून आल्या. तुमच्या व्हॅनखालचा पाइप त्याच तत्त्वावर चालतो, आणि त्याचा कमकुवतपणाही तोच आहे: द्रव बाहेर निसटला की सगळं संपलं.

पाइप फुटतो कसा ते पाहिलं तर दुरुस्ती कशी करायची हे आपोआप ठरतं. पोलादी पाइपचा बाहेरचा व्यास सहसा ४.७५ मिलिमीटर असतो आणि भिंतीची जाडी जेमतेम ०.७ मिलिमीटर. वर प्लॅस्टिकचा किंवा जस्ताचा थर. हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. ते चिखलाबरोबर उडून चासीच्या खाली बसतं आणि नेमकं त्या प्लॅस्टिकच्या पकडींमध्ये अडकतं ज्यांनी पाइप चासीला धरलेला असतो. तिथे ओल सुकत नाही. थर खरवडला जातो, गंज आत शिरतो. बाहेरून पाहिलं तर दोन पकडींमधला पाइप नवाकोरा दिसतो आणि पकडीखाली तो कागदाइतका उरलेला असतो. रोजच्या हलक्या ब्रेकला तो टिकतो. जोरात ब्रेक लावला की आतला दाब शंभर बारच्या आसपास किंवा त्यावर जातो, आणि तेव्हाच तो फाटतो. म्हणजे समोर कुणी आडवं आलं त्या क्षणी. म्हणून ट्यूफच्या, म्हणजे गाड्यांच्या सक्तीच्या तपासणीच्या, तपासनिसाने कागदावर ब्रेकच्या पाइपला गंज असं लिहिलं, गाडी पास केली तरी, तर ती ओळ पुढच्या दोन वर्षांवर ढकलण्याची नाही.

आपल्याकडे मीठ टाकत नाहीत, पण कोकणच्या किनाऱ्यावर मासळी वाहणारे टेम्पो पाहा. बर्फाचं खारं पाणी हौद्यातून चासीवर ठिबकत राहतं, आणि रंग शाबूत असताना खालचे पाइप कुजतात. फ्रँकफर्ट असो की मालवण, मीठ तेच काम करतं.

या सगळ्याचा अर्थ असा की जो पाइप फुटला तो फक्त पहिला. त्याचा तुकडा कापून मध्ये जोड दिला तर दहा सेंटिमीटर दुरुस्त होतात आणि उरलेले चार मीटर तसेच राहतात. माझा आग्रह असा की फुटलेला पाइप एका जोडापासून दुसऱ्या जोडापर्यंत पूर्ण बदला, आणि त्याच वेळी त्याच्या शेजारून जाणारे पाइपही पकडी उघडून पाहा. बोटाने चोळल्यावर खपली निघते असा प्रत्येक पाइप बदला. गाडी एकदा वर उचलली, ब्रेकऑइल एकदा निघालं, की दुसऱ्या पाइपची जास्तीची मेहनत फार नसते. वाचवलेल्या पन्नास युरोंसाठी पुन्हा त्याच गाडीखाली झोपण्यात शहाणपण नाही.

हे काम घरी कुणी करू नये तेही आधी सांगतो. हवेच्या ब्रेकचा मोठा ट्रक असेल तर हा लेख तुमच्यासाठी नाही. त्यात नायलॉनच्या नळ्या असतात, टाक्यांत दाब साठलेला असतो, आणि मागच्या ब्रेकच्या डब्यात दाबून बसवलेली स्प्रिंग असते. तो डबा चुकीच्या पद्धतीने उघडला तर ती स्प्रिंग माणसाचा जीव घेऊ शकते. गळती मास्टर सिलिंडरमधून किंवा एबीएसच्या ठोकळ्यातून होत असेल तरी ते वेगळं काम आहे. ब्रेकऑइलची टाकी पूर्ण कोरडी पडून एबीएसच्या ठोकळ्यात हवा गेली असेल, तर ती काढायला त्यातल्या झडपा आणि पंप संगणकाने चालवावे लागतात. त्याचं यंत्र तुमच्याकडे किंवा ओळखीच्या मेकॅनिककडे नसेल तर तिथेच थांबा. आणि ज्याने आजवर ब्रेकचे पॅडही बदललेले नाहीत त्याने पहिलंच काम म्हणून पाइप घेऊ नये. आधी जाणत्या माणसाच्या हाताखाली एकदा करा.

गळती कुठून आहे हे शोधताना ठिपका पडलेल्या जागेवर विश्वास ठेवू नका. द्रव पाइपच्या पोटावरून घरंगळत दूर जातो आणि सर्वांत खालच्या वाकावर थेंब होऊन पडतो. सगळा भाग ब्रेक क्लीनरने धुऊन पुसा, कुणाला तरी पेडल हळूच दाबायला सांगा आणि तुम्ही चष्मा लावून, तोंड बाजूला ठेवून, बॅटरीच्या उजेडात वरून खाली पाहत या. चाकाजवळचा रबरी होज, कॅलिपर, मागच्या ड्रममधला व्हील सिलिंडर हेही तपासा. पाइप बदलून झाल्यावर होज फुगलेला निघाला की सगळी हवा पुन्हा काढावी लागते.

आता जागेचा प्रश्न, जो पुण्यात किंवा कोल्हापुरात फारसा पडत नाही. जर्मनीत स्वतःच्या गाडीचे ब्रेक स्वतः दुरुस्त करायला कायद्याची आडकाठी नाही. गाडी रस्त्यावर सुरक्षित आहे याची जबाबदारी मात्र पूर्ण तुमची. पण भाड्याच्या घराच्या अंगणात किंवा तळघरातल्या पार्किंगमध्ये गाडी उचलून काम करायला घराची नियमावली सहसा मनाई करते, आणि रस्त्याच्या कडेला तर ते चालतच नाही. ब्रेकऑइल जमिनीत मुरलं तर प्रश्न पाण्याच्या संरक्षणाच्या कायद्यापर्यंत जातो. रविवारी ठोकाठोक केली तर शेजारी हाक मारायला थांबणार नाहीत, थेट तक्रार करतील. म्हणून ज्यांना स्वतःचं गॅरेज आणि सिमेंटची सपाट जमीन नाही त्यांनी सरळ मीटवेर्कश्टाट गाठावं. तिथे तासाच्या भाड्याने लिफ्ट मिळते, अवजारं मिळतात, आणि बहुतेक ठिकाणी कुणी जाणकार माणूस आसपास असतो. गाडीखाली पाठीवर झोपून चार तास काढण्यापेक्षा लिफ्टखाली उभं राहून दोन तासांत काम चांगलं होतं. तिथवरही गाडी ओढूनच न्यायची, हे विसरू नका.

सुट्या भागांच्या दुकानात गाडीचा रंग आणि मॉडेल सांगून भागत नाही. नोंदणीच्या छोट्या कागदावर, त्सुलासुंग्सबेशाइनिगुंग टाइल १ वर, २.१ आणि २.२ अशा रकान्यांतले अंक आणि ई रकान्यातला चासी नंबर ते मागतात. पाइपला ब्रेम्सलाइटुंग, होजला ब्रेम्सश्लाउख आणि ब्रेकऑइलला ब्रेम्सफ्ल्युसिगकाइट म्हणा, काम भागेल. तयार वाकवलेला मूळ पाइप मिळत असेल आणि परवडत असेल तर तोच घ्या. नसेल तर गुंडाळीतला पाइप घेऊन स्वतः घडवता येतो. इथे दोन पर्याय असतात: थर दिलेला पोलादी पाइप किंवा कुनिफर, म्हणजे तांबं, निकेल आणि थोडं लोखंड यांचा मिश्रधातू. कुनिफर हाताने वळतो आणि मिठाला दाद देत नाही. मी तोच निवडेन. निव्वळ तांब्याचा मऊ पाइप, घरगुती फ्रिजच्या किंवा गॅसच्या कामाचा, कितीही सुंदर वळला तरी ब्रेकला लावू नका. तो थरथरीने थकतो आणि तडकतो. रबराची नळी क्लिपने आवळून किंवा पाण्याच्या नळाचे दाबून बसवायचे जोड वापरून काम चालवणं हे तर कुठल्याही देशात, कुठल्याही घाईत करू नये.

दुकानात जुना नट आणि जुन्या पाइपचं टोक घेऊन जा. ब्रेकच्या पाइपचं टोक दाबून फुलवलेलं असतं आणि त्याचे दोन मुख्य प्रकार आहेत. युरोपीय गाड्यांत बहुधा टोक गोल फुगलेलं असतं. त्याला इथे एफ प्रकार म्हणतात. बऱ्याच आशियाई आणि अमेरिकन गाड्यांत ते आत दुमडून दुहेरी नरसाळ्यासारखं केलेलं असतं. तो ई प्रकार. एकाच्या जागी दुसरा घट्ट बसल्यासारखा वाटतो, आणि दाबाखाली गळतो. नटचा आटा बहुतेक वेळा एम १० बाय १ असतो, पण बहुतेक वेळा म्हणजे नेहमी नव्हे.

गाडी उचलताना चाकांना दोन्हीकडून अडणी लावा, वजन पेलणाऱ्या स्टँडवर गाडी टेकवा, आणि खाली जाण्याआधी बाजूने जोरात हलवून पाहा. फक्त जॅकवर उभ्या गाडीखाली डोकंही घालायचं नाही. खाली पसरट ट्रे ठेवा. ब्रेकऑइल रंग खातं, तेव्हा सांडलं की लगेच पाण्याने धुवा. हातमोजे आणि चष्मा शेवटपर्यंत काढू नका.

नट उघडणं हा या कामाचा खरा कसोटीचा भाग आहे, तिथे घाई करू नका. आदल्या संध्याकाळी तारेच्या ब्रशने नट आणि पाइपची सांध घासा, गंज सोडवणारं तेल मारा, रात्रभर राहू द्या, सकाळी पुन्हा मारा. उघड्या तोंडाचा साधा पाना वापरू नका. नट मऊ असतो, दोनच बाजूंनी पकडला की त्याचे कोपरे घासून गोल होतात आणि मग पक्कडसुद्धा घसरते. बाजूने फट असलेला रिंग पाना येतो, पाइप त्या फटीतून आत जातो आणि पाना नटला सगळीकडून धरतो. बऱ्याच युरोपीय गाड्यांना तो ११ मिलिमीटरचा लागतो. आधी किंचित आवळण्याच्या दिशेने झटका द्या, मग सोडवण्याच्या दिशेने. कुरकुर आवाज येऊन गंजाची पूड पडली की नट सुटतोय. पण नटबरोबर पाइपही पिळत असेल तर तो नटला गंजून चिकटला आहे. नाहीतरी पाइप बदलायचाच आहे, तेव्हा तो नटच्या अगदी जवळ कापा आणि आता मोकळ्या झालेल्या नटवर सहा कोपऱ्यांचा सॉकेट घाला. पान्याने न सुटलेले नट सॉकेटने सुटतात.

सगळं ब्रेकऑइल गळून जाऊ नये यासाठी मेकॅनिक लोकांची एक जुनी युक्ती आहे. ड्रायव्हरच्या सीट आणि पेडलमध्ये काठी टेकवून पेडल चार-पाच सेंटिमीटर दाबलेलं ठेवतात. मास्टर सिलिंडरमधला पिस्टन थोडा पुढे गेला की टाकीकडचं छिद्र बंद होतं आणि वरचं ऑइल खाली येत नाही. पेडल दाबलेलं असल्याने ब्रेकचे दिवे जळत राहतात, म्हणून बॅटरीची तार काढून ठेवा. ही युक्ती व्हॅक्यूम बूस्टरच्या साध्या गाड्यांसाठी. विजेवर चालणाऱ्या नव्या बूस्टरच्या गाडीत ती करू नका. उघड्या तोंडांवर रबरी टोपणं बसवा. टाकीतली पातळी खालच्या रेषेच्या खाली जाऊ देऊ नका, म्हणजे एबीएसच्या ठोकळ्यात हवा जायची भीती राहत नाही.

जुना पाइप तोडून फेकू नका, जसाच्या तसा बाहेर काढा. तो तुमचा नमुना आहे. त्याच्या वळणांवर दोरा धरून लांबी मोजा आणि नवा पाइप थोडा जास्त घ्या. करवतीने कापू नका, पाइपचा कटर गोल फिरवत हळूहळू आवळा. कापल्यावर आतल्या बाजूला धारदार कड येते. ती खरवडा, तोंड खाली धरून आतला कीस झटका, दाबाच्या हवेने फुंका. धातूचा एक कण ठोकळ्यातल्या झडपेत अडकला तर त्याची किंमत पाइपच्या कितीतरी पट असते. मग नट पाइपवर घाला, योग्य तोंड बाहेर करून, आणि त्यानंतरच टोक फुलवा. दुसऱ्या टोकालाही तसंच. फुलवण्याच्या अवजारात पाइप किती बाहेर ठेवायचा याची खूण अवजाराबरोबरच येते, ती पाळा. आधी टाकाऊ तुकड्यावर दोन-तीन टोकं करून पाहा. चांगलं टोक सगळीकडून सारखं गोल असतं, मध्यभागी असतं, त्यावर चीर किंवा ओरखडा नसतो. एका बाजूला कललेलं टोक आवळून सरळ होईल अशी आशा ठेवू नका. कापा आणि पुन्हा करा.

वळणं जुन्या पाइपप्रमाणे घ्या, गोल साच्यावर, चुरगळू न देता. नवा पाइप जिथून जुना गेला तिथूनच न्या. ती वाट बनवणाऱ्याने विचार करून आखलेली असते: एक्झॉस्टच्या उष्णतेपासून दूर, उसळणाऱ्या एक्सलपासून दूर, दगड लागणार नाहीत अशी. तुटलेल्या पकडी नव्या घ्या. मोकळा लोंबणारा पाइप थरथरून जोडावरच तडकतो. नट हाताने, बोटांनी, चार-पाच आटे सहज फिरायला हवेत. तसे फिरत नसतील तर आटा वाकडा बसतोय, पाना लावू नका. शेवटचं आवळणं टॉर्क पान्याने, गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या मापाइतकं. या आकाराच्या नटला ते बहुधा १५ न्यूटन-मीटरच्या आसपास असतं, म्हणजे मनगटाच्या जोराइतकंच. जोराने आवळला की टोक चेपतं आणि गळतं, हे नव्याने काम करणाऱ्याला पटायला वेळ लागतो.

आता हवा काढणं. पाइपमध्ये शिरलेली हवा का नको, हे पाहायचं असेल तर औषधाची सिरिंज पाण्याने भरून तोंड बोटाने बंद करा आणि दट्ट्या दाबा, हलत नाही. तीच हवेने भरून दाबा, निम्म्यापर्यंत आत जाते. ब्रेकमध्ये तो निम्मा प्रवास म्हणजे तुमच्या पेडलचा फुकट गेलेला प्रवास. ऑइल गाडीच्या टाकीवर लिहिलेल्या प्रतीचंच घ्या, बहुधा डॉट ४. सील न फोडलेली बाटली घ्या, कारण हे ऑइल हवेतला ओलावा शोषतं. ताज्या डॉट ४ चा उत्कलनबिंदू निदान २३० अंश सेल्सिअस असायला हवा. पाणी शोषलेल्या ऑइलचा तो १५५ अंशांपर्यंत उतरू शकतो, आणि मग घाटात ब्रेक तापले की आतल्या आत वाफ होते. डॉट ५ हे सिलिकॉनचं वेगळं ऑइल आहे, नावात साम्य असलं तरी ते यात मिसळायचं नाही. डॉट ५.१ ची गोष्ट वेगळी, ते डॉट ४ च्याच घराण्यातलं.

हवा काढायला दोघं लागतात: एक पेडलवर, एक चाकाशी. चाकाशी असलेल्याने चाकाच्या ब्रेकवरच्या हवा काढायच्या निपलला पारदर्शक नळी लावायची आणि तिचं दुसरं टोक बाटलीतल्या थोड्या ऑइलमध्ये बुडवायचं. मग आवाज देऊन काम करायचं. ‘दाब’ म्हटलं की पेडलवरच्याने सावकाश दाबायचं आणि ‘धरलं’ असं उत्तर द्यायचं. चाकाशी असलेल्याने निपल पाव फेरा उघडायचं, बुडबुडे बाहेर येताना पाहायचे, निपल बंद करायचं, आणि मग ‘सोड’ म्हणायचं. निपल बंद होण्याआधी पेडल सुटलं तर हवा उलटी आत जाते. हे चुकतं तेव्हा कारण जवळजवळ नेहमी न सांगता सोडणं हेच असतं. जुन्या गाडीत पेडल पूर्ण तळापर्यंत दाबू नका, खाली लाकडाचा ठोकळा ठेवून अर्ध्यावर थांबवा. मास्टर सिलिंडरच्या ज्या भागात सील रोज जात नाही तिथे गंज साठलेला असतो, आणि तिथे गेलेलं सील कापलं जातं. चाकांचा क्रम गाडीच्या पुस्तिकेप्रमाणे. जुनी रीत मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरू करण्याची आहे. दर पाच-सहा दाबांनंतर टाकी भरा.

जुन्या व्हॅनमध्ये मागच्या एक्सलजवळ वजनाप्रमाणे ब्रेकचा जोर कमीजास्त करणारी झडप असते, तिला एक दांडी किंवा स्प्रिंग जोडलेली असते. गाडी उचलल्यावर मागची चाकं लोंबतात, झडपेला वाटतं गाडी रिकामी आहे, आणि ती मागचा मार्ग जवळजवळ बंद करते. निपलमधून ऑइल नीट येत नाही आणि माणूस तासभर डोकं खाजवतो. एक्सलखाली स्टँड लावून सस्पेन्शनवर वजन येऊ द्या, काम सुरळीत होतं. महाराष्ट्रातल्या बऱ्याच पिकअपमध्येही ही झडप असते, तेव्हा गावी असं काम करणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावं.

बुडबुडे थांबून स्वच्छ ऑइल येऊ लागलं की तपासणी. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाचदा दाबा. ते उंचावर आणि दगडासारखं घट्ट लागायला हवं. मिनिटभर जोर कायम ठेवा. हळूहळू खाली जात असेल तर कुठेतरी गळतंय; दाबल्यावर लवचिक वाटत असेल तर हवा आहे. मग पेडल दाबून धरून इंजिन चालू करा. ते किंचित खाली जायला हवं, म्हणजे बूस्टर काम करतोय. इंजिन चालू असताना एकाने पूर्ण ताकदीने पेडल दाबून ठेवायचं आणि दुसऱ्याने प्रत्येक नवा जोड कोरड्या टिश्यू पेपरने पुसून तो कागद उजेडात पाहायचा. हा जोर मुद्दाम लावायचा, कारण एखादा जुना पाइप फुटायचाच असेल तर तो स्टँडवर उभ्या गाडीत फुटलेला बरा. त्यानंतर बंद आवारात चालण्याच्या वेगाने पुढे-मागे. थेट ए ५ ऑटोबानवर नेऊ नका. मग शक्य तितक्या लवकर ट्यूफ, डेक्रा किंवा एडीएसीच्या केंद्रात रोलरच्या ब्रेक तपासणीवर गाडी चढवा. डाव्या आणि उजव्या चाकाचा जोर आकड्यांत दिसतो आणि एका बाजूला राहिलेली हवा लपत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी निघण्याआधी टाकीतली पातळी आणि जोडांखालची जमीन पुन्हा एकदा पाहा.

उरलेलं जुनं ब्रेकऑइल घातक कचऱ्यात मोडतं. ते गटारात नाही, कचऱ्याच्या डब्यात नाही, आणि इंजिन ऑइलच्या डब्यातही नाही, कारण मिसळलं की दोन्हीची विल्हेवाट अवघड होते. झाकणाच्या बाटलीत भरा, वर नाव लिहा आणि फ्रँकफर्टच्या एफईएस या कचरा कंपनीच्या घातक कचरा स्वीकारणाऱ्या केंद्रावर किंवा त्यांच्या फिरत्या गाडीवर द्या. भिजलेली फडकी आणि शोषक भुकटीही तिथेच. पाइपचं आणि ऑइलचं बिल, रोलर तपासणीचा कागद आणि त्या दिवसाचे किलोमीटर एका पाकिटात ठेवा. पुढच्या हाउप्टउंटरझूखुंगला, म्हणजे गाडीच्या सक्तीच्या तपासणीला, तपासनीस गाडीखाली गेला की नवा पाइप त्याच्या डोळ्यांत भरतोच. तो कोणत्या साहित्याचा आहे आणि कधी घातला, हे विचारल्यावर कागद पुढे करता येतो.